तोंडात पाणी धरून दिलेला पेपर

"पहिले विचारा, मंग सांगतो."

हे तो दिवसातून पन्नास वेळा म्हणायचा, आणि म्हणताना उजव्या हाताचं बोट डोक्याच्या वर नेऊन हवेतलं एक बटण दाबायचा. तिथे बटण नव्हतं. तिथे शेजारच्या ओट्यावरचं पत्र्याचं छप्पर होतं, आणि त्याला फक्त कोळ्याची जाळी होती. असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी राहून गेला असेल, फक्त तुम्ही त्याला वेडा म्हणून सोडून दिलं असेल. मी सोडलं नाही, कारण त्यानं मला सोडलं नाही.

सत्तरच्या आसपासची वर्षं. आमचं खामला तेव्हा धड गाव नव्हतं आणि धड नागपूर नव्हतं. मी महापालिकेच्या शाळेत मास्तरीण, आमचे हे हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्टला. हा शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायला आला. सावनेरकडच्या शेतकऱ्याचा एकुलता एक पोरगा, आणि लहान विमान चालवायचा परवाना खिशात! मोठ्या, दोन वैमानिकांच्या विमानात बसायचं तर दिल्लीला जाऊन लेखी परीक्षा द्यावी लागते. कलकत्त्याच्या एका कंपनीनं त्याला सांगून ठेवलं होतं, पास हो आणि ये. बापानं दोन संधी दिल्या होत्या. दोन्ही हुकल्या तर गावी येऊन वावर पाहायचं आणि पुन्हा विमानाचं नाव काढायचं नाही.

मोठ्या विमानात म्हणे दोघं असतात. एकजण यादीतलं वाचतो, दुसरा समोरच्या, डोक्यावरच्या त्या त्या बटणाला हात लावून उत्तर देतो. कितीही पाठ असो, कुणी विचारल्याशिवाय काही करायचं नाही. हा आजवर एकटाच उडलेला. त्याला विचारणारं माणूस हवं होतं.

"वहिनी, तुमी मास्तरीण. तुमचा आवाज कसा खणखणीत हाय. तुमी विचारा."

आवाजाची कुणी स्तुती केली की मी पाघळते, हा माझा जुना दोष. त्या दिवसापासून तो घराबाहेर पडताना मी कुंपणापाशी उभी राहून ओरडायची.

"कुलूप?"

"लावलं. ओढून पाहिलं."

"दुपट्टा?"

"डोक्याले बांधला."

"चप्पल?"

"दोन. एकाच जोडीच्या."

एकदा रागाच्या भरात मी चप्पल विचारलीच नाही. मे महिन्याच्या दुपारी हा अनवाणी सीताबर्डीपर्यंत जाऊन आला. तळपायाला फोड आलेले, आणि वर मलाच म्हणतो, "तुमी विचारलंच नाही." मी कपाळावर हात मारला आणि हळद लावायला घेतली.

मग अभ्यासही तसाच सुरू झाला. हवामान, नकाशे, नियम, इंजिनं, सगळे प्रश्न त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत लिहिले आणि गल्लीत वाटले. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारायचे. भाजीवाल्या मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी एक प्रश्न तोंडपाठ केला. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात टोपली खाली ठेवून त्या घाम पुसत विचारायच्या, "पंखावर बर्फ जमला तं काय करशीन गा?" तो अंग चोरून, खरंच थंडी वाजल्यासारखा सगळं सांगायचा. उत्तर संपेपर्यंत मावशी कोथिंबीर देत नसत.

दुसरा एक नियम त्यानं शिकवला. कॅप्टन चुकला तर शेजारच्यानं गप्प बसायचं नाही, स्पष्ट सांगायचं. हा नियम मला फारच आवडला. मी तो आमच्या घरात लागू केला. आमचे हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तर असा तयार होऊन तो दिल्लीला गेला आणि चार दिवसांत परत आला. चेहरा उतरलेला.

"काय झालं रे?"

"वहिनी, कागद समोर ठेवला. मी वाट पाहून राहिलो. कोणी विचारूनच नाही राहिलं!"

अर्धा तास हा माणूस हात बांधून बसला होता. उत्तर येत होतं, पण कुणी विचारल्याशिवाय ते बाहेर येईना. शेवटी त्यानं स्वतःच प्रश्न मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. माझ्या आवाजात! "एक इंजिन बंद पडलं, काय करशील?" असं बाईच्या आवाजात विचारायचं आणि मग पुरुषाच्या आवाजात उत्तर द्यायचं. पर्यवेक्षकानं दोनदा दटावलं. तिसऱ्यांदा पेपर काढून घेतला.

मी पोट धरून हसले. मग त्याच्याकडे पाहिलं आणि हसू गेलं. एक संधी संपली होती, आणि ती माझ्या आवाजानं घालवली होती. काय सांगू, मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी फर्मान काढलं. परीक्षेपर्यंत या माणसाला कुणीही तोंडानं काही विचारायचं नाही. शाळेतल्या जुन्या पाट्या आणून मी घरोघरी वाटल्या. दूधवाला पाटीवर 'दूध?' लिहून उभा राहायचा, हा खाली 'अर्धा शेर' लिहायचा. भाजीवाल्या मावशींची पंचाईत झाली. त्या दोन्ही हात पंखासारखे पसरून कुडकुडून दाखवायच्या. गल्लीत नवा आलेला पोस्टमन हे सगळं पाहून सायकलवरून उतरला आणि मला हळूच म्हणाला, "बाई, इथं सगळे मुके हायत काय?"

तरी त्याचे ओठ हलायचेच. त्यावर इलाज त्यानंच शोधला. तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि पेपर सोडवायचा. बोलला की पाणी सांडणार. पहिल्या आठवड्यात रोज शर्ट ओला. दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं की आनंदानं पाणी गिळायचा. तिसऱ्या आठवड्यात तीन तास एक घोट तोंडात ठेवून त्यानं अख्खा पेपर सोडवला आणि मग अंगणातल्या तुळशीपाशी जाऊन चूळ टाकली. मी ओरडले, "तुळशीत नाही रे मेल्या!" महिन्याभरात मी त्याच्याशी बोललेलं ते एकच वाक्य.

दुसऱ्या खेपेलाही दिल्लीत पर्यवेक्षक तोच होता. त्यानं नाव विचारलं. यानं गाल फुगवून नाव कागदावर लिहून दाखवलं. त्या भल्या माणसानंही पेन काढून खाली लिहिलं, 'तब्येत ठीक आहे?' मग दोघंही तीन तास गप्प.

निकालाचं पाकीट आलं तेव्हा यानं ते उघडलंच नाही. दोन दिवस उशाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी निरोप मिळून सावनेरच्या एसटीनं त्याचे वडील आले. उंच, वाळलेले, धोतर गुडघ्याच्या वर. हातात एक रिकामं पोतं आणि नवी सुताची दोरी, सामान बांधून न्यायला. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "उघड."

त्यानं ते माझ्या हातात दिलं. पाकीट मीच फोडलं. इंग्रजी दोनदा वाचलं, नजर चुकायला नको म्हणून बोट ठेवून वाचलं.

"पास!" मी ओरडले. गल्ली जमा झाली. निकालाच्या धास्तीनं कोंडलेले आवाज एकदम सुटले. भाजीवाल्या मावशींनी त्याचे गाल ओढले.

वडील तेवढे जागचे हलले नाहीत. गलका ओसरल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हंजे आता हा घरी नाही येत?"

"कलकत्त्याला जाईल, काका."

"बरं झालं," ते म्हणाले. मग, माझ्याकडे न पाहता, "मी तं विहिरीवर नवी मोटर बसवून ठेवली होती. म्हटलं, पोराले यंत्राचा नाद हाय. मन लागून जाईन त्याचं."

इतका वेळ मला वाटत होतं की हा निकाल सगळ्यांना एकच हवा आहे. ओट्यावर बसलेल्या त्या माणसाला तो नको होता, आणि तरी ते 'बरं झालं' म्हणाले. मला रडू आलं. मी कांद्याचं निमित्त करून आत गेले.

बाहेर आले तेव्हा ते पोराची वळकटी बांधत होते. गुडघा टेकवून, सगळा जोर लावून त्यांनी ती नवी दोरी आवळली. पोरगा पाठीमागे उभा राहून "बाबा, राहू द्या, मी बांधतो" म्हणत होता. त्यांनी ऐकलं नाही. एकावर एक तीन गाठी मारल्या, वळकटी हलवून पाहिली आणि म्हणाले, "जाय आता. लंबा रस्ता हाय, सुटाले नाही पायजे."