जॉबरकाकांचा पंखा

जगातली कुठलीही वस्तू जुनी होत नाही, ती फक्त कोरडी पडते, असे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या घरासमोर राहणारे जॉबरकाका. सोलापुरातल्या एका कापडगिरणीत आणि ती बंद पडल्यावर लोकांच्या पॉवरलूमवर मिळून चाळीस वर्षे त्यांनी जॉबर म्हणून काढली. बिघडलेला माग चालू करून देणारा तो जॉबर. आता वय बाहत्तर आहे, माग सुटले आहेत, पण जॉबरकी सुटलेली नाही. बोळातले शिलाई मशीन, मिक्सर, भिंतीवरचे घड्याळ, काहीही अडले की लोक जॉबरकाकांना हाक मारतात. हाक जोरातच मारावी लागते, कारण चाळीस वर्षांच्या खडखडाटाने त्यांचे कान बहुतेक गेले आहेत. पुण्याच्या मुलाने महागातले श्रवणयंत्र आणून दिले होते. काकांनी ते पहिल्याच संध्याकाळी उघडले, आत फिरणारे काहीच नाही हे पाहून त्यांचा अपेक्षाभंग झाला, आणि ज्यात तेल घालता येत नाही त्या वस्तूवर भरवसा ठेवायचा नाही म्हणून त्यांनी ते मुलाला परत दिले.

यंत्राचा आवाज मात्र ते ऐकतात आणि दातांनी ऐकतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक यंत्राच्या अंगाला लावायचे, मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. मग निदान होते. स्क्रू निसटला तर तेलुगूत, पाना सापडला नाही तर दखनीत, आणि वस्तूच्या मालकाला मराठीत शिव्या बसतात. त्यांचे वैर फक्त एकाशीच, ‘आता हे होत नाही, नवीन घ्या’ असे सांगणाऱ्याशी. एका दुकानदाराने काकूंच्या मिक्सरबद्दल तसे सांगितले, तेव्हा काका त्याच दुकानाच्या पायरीवर फतकल मारून बसले, गिऱ्हाइकांच्या देखत मिक्सर खोलला, चालू केला, आणि चालू मिक्सर दुकानदाराच्या टेबलावर ठेवून ‘आता सांगा की’ एवढेच म्हणाले. गल्लीतल्या देवळातला विजेवरचा नगारा त्यांनी दुरुस्त केला तेव्हा तो दुप्पट वेगाने वाजू लागला आणि महिनाभर आमची आरती निम्म्या वेळात उरकत होती. पुजाऱ्यांनी तक्रार केली, तर काका म्हणाले की नगारा बरोबर आहे, तुम्हीच मागे पडताय.

अशा माणसाला मी फसवले. ते सांगायला इतका वेळ लावला, कारण सांगायला जीभ रेटत नव्हती.

मी घरच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर लग्नाच्या निमंत्रणपत्रिका तयार करून देतो. माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला वीजपुरवठ्याची एक पेटी असते, तिच्यात छोटा पंखा असतो. तो पंखा आत कुणी भरड दळायला बसल्यासारखा घरघरू लागला. मी काकांना बोलावले. त्यांनी दात लावून ऐकले आणि ‘दांडा ज्यात फिरतो तो बुश कोरडा पडलाय’ असा निकाल दिला. पेटी काढली, पण त्या दिवशी उघडली नाही. पट्टा काढला तरी चाक लगेच थांबत न्हाय, विजेचं बी तसंच, म्हणाले. दुसऱ्या दिवशी झाकण काढले तेव्हा आतून धुळीची गादीच निघाली. ‘पत्रिकावाले, याच्यात तर एक चादर निघंल की,’ असे म्हणत त्यांनी ब्रशने सगळे झाडले. पंख्याच्या पाठीवरचा कागदी बिल्ला अलगद उचलला, खालचे रबरी बूच काढले आणि सुईच्या टोकावरून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. दुसरा सोडा ना, असे मी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे, मी पंचांगात चूक काढल्यासारखे पाहिले. बोटाने पंखा फिरवून फिरवून तेल मुरवले, बिल्ला पुसून चिकटवला, सगळे बसवले आणि पुन्हा दात लावले. ‘आता पाच वर्षं हिकडं बघू नका.’

पंखा खरोखरच गप्प झाला. पण लग्नसराई तोंडावर होती आणि माझ्या भाच्याने फोनवर मला घाबरवले. तेल घातलेला पंखा कधीही अडकेल, पेटी तापेल, सगळ्या पत्रिका जातील, असे तो म्हणाला. मी भित्रा माणूस आहे. गुपचूप नवी पेटी आणून बसवली आणि जुनी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. दुसऱ्याच संध्याकाळी काका बोळाच्या कट्ट्यावरच्या दोघांना घेऊन आले आणि त्यांचे हात माझ्या कॉम्प्युटरवर ठेवून, येतोय का आवाज, असे विचारू लागले. मी मान डोलावली. पुढे ते आणखी लोकांना आणत राहिले आणि मी मान डोलावत राहिलो. एकदा तर मी होऊन म्हणालो, काका, तुमच्या हाताला तोड नाही.

दिवाळी झाली आणि ती नवी पेटीच घरघरू लागली. दार उघडे होते. कट्ट्यावरचा एकजण ओरडला की जॉबर, तुमचा पंखा रडतोय. काका आले. पेटी उघडतील आणि मी सापडेन, अशी मला भीती. पण त्यांनी ती उघडलीच नाही. मूठ दातांत धरून बराच वेळ डोळे मिटून राहिले, मग माझ्या स्टुलावर बसले.

‘हा आवाज माझ्या वळखीचा न्हाय,’ ते म्हणाले. ‘म्हंजे मला वळख राहिली न्हाय.’

तेव्हाही मी खरे सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारची बाई शिलाई मशीन घेऊन त्यांच्याकडे गेली, तर ते तिला म्हणाले, नवीन घ्या. तिला वाटले आपणच काहीतरी वेगळे ऐकले. तिसऱ्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या आणि विचारू लागल्या की तुमच्यात काय झालंय, माणूस हत्याराची पेटी भंगारात द्यायची म्हणतोय, भंगारवाला दारात आलाय.

मी पायात चप्पल न घालता गेलो. काकांच्या कानाशी वाकून हळूच सांगायचे ठरवले होते. पण बहिऱ्या माणसापाशी कबुली हळू देता येत नाही. ‘काका, तो पंखा तुमचा नाही’ हे मी एकदा बोललो, ते त्यांना ऐकू आले नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने बोललो, तेव्हा ते ‘काय?’ म्हणाले. तिसऱ्यांदा मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो की मी खोटं बोललो, मी नवीन आणून बसवला, तुमचा माळ्यावर आहे. बोळातल्या खिडक्या उघडल्या. कट्टा उभा राहिला. भंगारवाल्याने तराजू खाली ठेवला.

काकांनी विचारले, ‘म्हंजे माझा पंखा चांगला हाय?’

मी मान डोलावली. त्या वर्षात खरी डोलावलेली तेवढीच.

त्यांनी भंगारवाल्याच्या पुढ्यातली हत्याराची पेटी उचलली, त्याला तेलुगूत काहीतरी ऐकवले आणि ताठ मानेने रस्ता ओलांडून माझ्या घरात शिरले. जुनी पेटी माळ्यावरून काढायला लावली, बसवली, चालू केली. सगळा बोळ दारात उभा असताना दात लावून ऐकले. त्यांच्या तोंडावरचा आनंद मला बघवेना. जाताना उंबऱ्यात थांबले.

‘नवीन आणलं त्याचा राग न्हाय, वस्तू तुमची. पण तीन दिवस मी म्हातारा झालो की हो.’

याला वर्ष होऊन गेले. काका पूर्वीसारखेच साऱ्या गावाशी भांडतात आणि गावाच्या मेलेल्या वस्तू उठवतात. रस्त्यात दिसले तर माझ्याकडे बघून हातातला पाना वर करतात. पण माझ्या घरात येत नाहीत, आणि कामाशिवाय त्यांना बोलवायचे तोंड मला नाही. संध्याकाळी पत्रिका संपल्या तरी मी कॉम्प्युटर बंद न करता बसून राहतो आणि कान देऊन ऐकतो. त्या पंख्याने एकदा तरी घरघरावे, म्हणजे मला समोरच्या दारात जाऊन हाक मारता येईल, असे फार वाटते. तो काही आवाज करत नाही.