साकवावरची आमची फळी

गुडघ्याला करंजाचं तेल चोळलं, की त्या कडवट वासानं जांभूळ गावच्या ओढ्यावरचा छप्पर असलेला लाकडी साकव आठवतो. त्यावर प्रत्येक घराची एक फळी असायची. पावसाआधी ज्यानं त्यानं आपल्या फळीला तेल लावायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात सासूबाईंनी माझ्या हातात तेलाचं फडकं दिलं. म्हणाल्या, "हिला तेल पाज, म्हणजे तू या घरची." तेव्हा मला हसू आलं होतं.

परवा साकवाचा जीर्णोद्धार बघायला गेले, तर लाकडाचा रंग फासलेलं सिमेंट. फळ्यांचं विचारल्यावर ठेकेदार म्हणाला, "सडल्या होत्या काकी. कामगारांनी चुलीत घातल्या."

सडल्या म्हणे. सडकं लाकूड नुसतं धुमसतं. आमची फळी मात्र छान पेटली असेल. इतकी वर्षं तेल पाजलं होतं मी तिला.