बोरकर भाऊंचा उजवा हात

किस्से काही मी गोळा करत नाही. ते आपले येऊन बसतात, कपड्यांच्या दोरीवर चिमण्या बसतात तसे. नागपूरच्या नंदनवनात आमच्या आणि बोरकर भाऊंच्या घरामधली भिंत कमरेएवढी आहे. बांधणाऱ्याने विटा वाचवल्या आणि नाव माझं झालं, मंदाताईला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय आहे म्हणून. भिंतच ठेंगणी, त्याला मी काय करू?

बोरकर भाऊ म्हणजे कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा लिलाव पुकारणारे. जन्म त्यातच गेला. गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाचा हळूहळू बरीचशी परत आली, पायही काठीच्या आधाराने चालायला लागला. उजवा हात मात्र मांडीवर जसा ठेवावा तसाच पडून. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. त्या हाताची हकीगत भाऊ दर रविवारी पेपरात लिहितात. आधी आमच्या गल्लीत पेपर राशिभविष्यासाठी उघडायचे, आता भाऊंच्या हातासाठी उघडतात. भाजीवालासुद्धा वांगी तोलता तोलता मला विचारतो, "हात का म्हणते?"

*

दवाखान्यातला किस्सा आधी सांगते. तेव्हा भाऊंच्या तोंडून शब्द निघत नव्हता. सुमन वहिनीचं, म्हणजे स्वतःच्या बायकोचं नावही येत नव्हतं. बोलणं शिकवायला एक मॅडम यायच्या. त्या म्हणाल्या, "काका, मोजा पाहू माझ्यासोबत. एक..."

भाऊ नुसतं तोंड हलवत होते. मॅडमने परत म्हटलं, एक. आणि कुठं काय जुळलं देव जाणे, भाऊंच्या गळ्यातून एकदम बाजार निघाला.

"एक बार... दो बार..."

सारा वॉर्ड वळून पाहायला लागला. मॅडम खुश. वहिनीने पदर डोळ्याला लावला. मी डबा घेऊन दारातच उभी. भाऊ "तीन" म्हणायच्या आत समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने हात वर केला. नर्स धावत गेली. "बाबा, का पाहिजे?"

"मले काही नको," म्हातारा म्हणाला. "माल कोणता आहे, तेवढं विचारा."

*

कॉलम कसा सुरू झाला, तेही ऐकण्यासारखं आहे. पेपरात बाजारभाव लिहिणारे एक साहेब वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी भाऊंना फोन करायचे. संत्र्याचा भाव विचारायचा, लिहून घ्यायचा, फोन ठेवायचा. एवढीच ओळख. लकव्याचं कळल्यावर ते घरी आले. खुर्चीवर बसले. आजारी माणसाशी काय बोलावं, हे काही त्यांना सुचेना. वहिनीने पाणी दिलं, ते प्याले. पंख्याकडे पाहिलं. शेवटी सवयीने तोंडातून निघून गेलं, "मग भाऊ, आजचा भाव काय?"

भाऊंनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि एकेक शब्द ओढत म्हणाले, "आवक... नाही."

साहेब हसले. मग म्हणाले, "भाऊ, हेच लिहून द्या ना."

तेव्हापासून 'आजचा भाव' चालू आहे. भाऊ मोबाइलवर डाव्या अंगठ्याने टाइप करतात. सोमवारी बसतात, तेव्हा कुठं शुक्रवारी होते. वहिनी म्हणते, "एवढ्या वेळात मी अख्ख्या गल्लीचे पापड लाटले असते."

*

लिहायला लागल्यावर लोकांना पत्ता लागला आणि औषधं यायला लागली. तेल आलं, अंगारा आला, तांब्याचं कडं आलं. एक गृहस्थ तर हिंगण्याहून मोटरसायकलवर जिवंत कबुतर घेऊन आले. याच्या रक्ताने मालिश करा, म्हणाले, महिन्यात हात चालू.

वहिनीने त्यांना चहा पाजला, कोपऱ्यापर्यंत पोहचवून दिलं, आणि कबुतर सोडून दिलं. कबुतर उडालं आणि भाऊंच्या खिडकीतल्या कूलरवर जाऊन बसलं. ते काही गेलंच नाही. कूलरच्या गवतात त्याने घर केलं.

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ परत आले. "काही फरक?"

भाऊंनी डाव्या हाताने कूलर दाखवला. "त्याले आराम आहे."

*

एका रविवारी भाऊंनी शेजारणीबद्दल लिहिलं. लिहिलं होतं की आमच्या भिंतीवर एक बातमीदार उगवते. डॉक्टर माझी नाडी बघतात, ती माझ्या घरातल्या चपला बघून कोण आलं ते सांगते. मी पहिल्यांदा कोणाच्या मदतीशिवाय अंगणात उतरलो, तेव्हा टाळी वाजली ती भिंतीवरून.

गल्लीला वाटलं, आता मंदाताई फाडून खाणार. समोरच्या दोघी तर दारातच उभ्या राहिल्या, तमाशा पाहायला. मी पेपर घेऊन तरातरा गेले. वहिनी घाबरून म्हणाली, "मनावर घेऊ नको वं मंदा, त्याहीले काही कळते का?"

मी म्हटलं, "भाऊ, हे सारं माझ्याबद्दल आहे ना?"

"हो, ताई."

"मग माझं नाव काहून नाही टाकलं?"

*

वहिनीचं मात्र तसं नव्हतं. ती खरंच रुसली होती. भाऊंनी लिहिलं होतं की बायको रोज शर्टाची बटणं लावून देते, आणि लावताना माझ्याकडे न पाहता दुसरीकडेच पाहते. वहिनी माझ्याजवळ म्हणाली, "मी दुसरीकडे काहून पाहते, हे मलेच माहीत आहे. ते का पेपरात टाकायचं असते?" त्या दिवसापासून तिने पेपर हातात धरला नाही. भाऊंना टी-शर्ट घालायला लागली. बटणांचा प्रश्नच मिटवला.

पुढच्या रविवारी भाऊंनी त्यावर लिहिलं. वहिनी वाचणार नव्हती हे ठरलेलं. मग मी माझ्या अंगणात खुर्ची टाकली आणि मोठ्याने वाचायला लागले. आमचे हे आतून ओरडले, "कोणाले ऐकवून राहिली?" मी म्हटलं, "तुम्ही झोपा."

भाऊंनी लिहिलं होतं, मी जन्मभर माल पाहून भाव सांगितला, पण घरातल्या माणसाकडे पाहून काही सांगायचं राहून गेलं, आता बोलता येते तर बटण नाही.

भिंतीपलीकडे वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. मी पेपरची घडी घालायला लागले तेव्हा म्हणाली, "तो मधला भाग परत वाच. कूकरची शिटी झाली, ऐकू नाही आलं."

कूकर लावलेलाच नव्हता. सोमवारी भाऊंच्या अंगात बटणांचा शर्ट होता.

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, बाईच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. घरातली दुखणी-भानगडी गावाबाहेर घेऊन जा म्हणून तिला ओरडून सांगायचं असते. त्या सकाळी आमची सारी गल्ली भाऊंच्या दारासमोर जमली आणि एका सुरात ओरडली, "बोरकर भाऊचा लकवा घेऊन जाय गे मारबत!"

भाऊ काठी टेकत बाहेर आले. "थांबा गा," म्हणाले. "या रविवारचं लिहून व्हायचं आहे."

*

हसण्यावारी जायचं ते सारं, पण दिवाळी जवळ आली तसे भाऊ गप्प व्हायला लागले. पेपरवाल्या साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, वाचक हाताचं विचारतात, भाऊ, दिवाळीच्या अंकात काही चांगलं लिहा ना. थोडासा हलला, असं लिहिलं तरी चालेल.

भाऊ म्हणाले, "माल आला नाही तर आला म्हणू? बाजारात कधी खोटा भाव नाही पुकारला."

त्याच आठवड्यात एका बाईचा फोन आला. तिच्या नवऱ्यालाही लकवा. ती म्हणाली, "भाऊ, तुमचं आमच्या घरी मोठ्याने वाचतो. तुमचा हात नाही हलला असं आलं की हे जेवतात. म्हणतात, मी एकटा नाही." मग म्हणाली, "राग नका मानू, पण तुमचा हलला तर तुम्ही लिहिणं बंद कराल का?"

फोन स्पीकरवर होता, म्हणून मला कळलं. भाऊंनी "नाही, नाही" म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर बराच वेळ हाताकडे पाहत बसले. हलला नाही तर साहेब नाराज, हलला तर ती बाई एकटी पडते. आणि हात तर जागचा हलत नव्हता.

मंगळवारी वहिनी भिंतीशी आली. तिचा चेहरा पाहूनच मी हातातली पळी खाली ठेवली. "येत्या रविवारी शेवटचं लिहितो म्हणून राहिले," ती म्हणाली. "रोजच आवक नाही, आवक नाही, कोण वाचते म्हणे. मंदा, ते लिहिणं आहे म्हणून हा माणूस सकाळी उठते वं. ते बंद झालं तर मी याले कशासाठी उठवू?"

मी भिंतीवरून तिच्या खांद्यावर हात ठेवला. एवढी मोठी बातमी, पण मी गल्लीत कोणाला सांगितली नाही.

*

निनावे भाऊंचं सांगायचं राहिलं. बाजारातले संत्र्याचे जुने व्यापारी. लिलावात बोरकर भाऊंशी जन्मभर भांडले, आणि लकव्यानंतर दर बुधवारी न चुकता येतात. बोलत काही नाहीत. बसतात, बिनसाखरेचा चहा पितात, जातात. त्यांना शुगर आहे. वहिनीने एकदा चुकून साखर टाकली, तर कप तसाच परत केला होता.

त्या बुधवारी आले. भाऊंनी सांगून टाकलं, "निनावे, रविवारी दुकान बंद करतो."

निनाव्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला. "बंद कर," म्हणाले. "पण आधी एक सौदा होऊन जाऊ दे. जुन्या पद्धतीचा."

जुनी पद्धत मला माहीत होती, भाऊंनीच एकदा लिहिली होती. पूर्वी बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोघं जण हातात हात घेत, वरून दुपट्टा टाकत, आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नसे.

निनाव्यांनी खुर्ची जवळ ओढली. भाऊंचा उजवा हात त्यांच्या मांडीवरून उचलला, आपल्या हातात घेतला आणि दुपट्टा टाकला.

मी दोरीवरचे कपडे काढायला म्हणून भिंतीशी गेले. कपडे ओलेच होते, तरी काढले.

दोघं समोरासमोर बसले. निनाव्यांचा चेहरा म्हणजे व्यापाऱ्याचा, त्यावर काही वाचता यायचं नाही. भाऊंनी डोळे मिटले होते, कपाळावर घाम आला होता. कूलरवरचं कबुतर घुमत होतं, तेवढाच आवाज. बऱ्याच वेळाने निनावे म्हणाले, "नाही पटत. परत बोल."

मी पायाखाली वीट घेतली.

"परत," निनावे म्हणाले. या वेळी आवाज थोडा वेगळा होता.

आणखी थोडा वेळ गेला. मग निनाव्यांनी भाऊंचा हात सावकाश मांडीवर ठेवला, दुपट्टा काढला, घडी केली, खांद्यावर टाकायच्या ऐवजी तो तसाच हातात धरून बसले.

माझ्याने राहवलं नाही. "भाऊ, हलला का?"

भाऊंनी डोळे उघडले. "ताई, दुपट्ट्याखालचा भाव तिसऱ्याले सांगत नसते."

"अहो, पण रविवारी काय लिहाल?"

"रविवारचं रविवारी."

जन्मात पहिल्यांदा मी भिंतीवर एवढी ओणवी झाले आणि मला काही दिसलं नाही.

तेवढ्यात वहिनी ट्रे घेऊन बाहेर आली. निनाव्यांचा कप वेगळा, नेहमीसारखा. त्यांनी तो घेतला, एक घोट प्याले, आणि कप परत ट्रेमध्ये ठेवला.

"वहिनी," म्हणाले, "आज साखर टाका."

वहिनीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. एकदा त्यांच्या हातातल्या दुपट्ट्याकडे. मग साखरेचा डबा आणायला आत गेली.