न हलणारे बिंदू

वस्तू हातात आली की आमच्या गणिताच्या मॅडम आधी ती फिरवून बघत. लिंबू, वाटी, माझी पाण्याची बाटली, काहीही. वर्गात दाखवायला चेंडू हवा म्हणून आम्ही एकदा बुधवार पेठेत गेलो. त्यांनी तो बोटांवर इतका वेळ फिरवला, की दुकानदार वैतागला. "बाई, चेंडू आहे. सगळीकडून गोलच असतो."

"तेच तपासतेय," मॅडम म्हणाल्या.

टोरस, म्हणजे मधे भोक असलेला आकार, शिकवताना त्या दुसरं उदाहरणच देत नसत, म्हणून आम्ही विद्यार्थिनी त्यांना मागून 'मेदूवडा मॅडम' म्हणायचो.

त्यांचं सगळं संशोधन सिम्प्लेक्टिक मॅनिफोल्डवरच्या टोरसच्या क्रियांवर होतं. नाव ऐकूनच माझा चेहरा पडला की म्हणत, "घाबरू नकोस. चेंडू फिरतो, पण वरचं आणि खालचं टोक जागचं हलत नाही. आमचं अवकाश मोठं, आणि ते एकाच वेळी अनेक अंगांनी फिरतं, एवढंच. न हलणारे बिंदू धर, बाकीचं बरंच आपोआप कळतं."

कॉलेजात यावर बोलायला त्यांना कोणी नव्हतं. प्राचार्यांनी एकदा विचारलं, "मॅडम, याचा उपयोग काय?" "आपल्या मीटिंगांपेक्षा कमी नाही," असं उत्तर मिळाल्यावर पुन्हा कोणी त्या फंदात पडलं नाही. पडायला हवं होतं, असं आता त्या नसताना फार वाटतं.

निवृत्तीनंतर त्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहत. मी जवळच शिकवते, म्हणून रविवारी डोकावायचे. आयुष्यभराचं काम एका पेपरात लिहून त्यांनी नेटवर टाकलं, तेव्हा सोसायटीच्या वॉचमनलाही पेढा मिळाला होता.

वर्षभराने एका रविवारी त्या म्हणाल्या, "पेपर काल मागे घेतला."

"अहो मॅडम, का?"

"चुकलाय. न हलणारे बिंदू सगळे सुटेसुटे असतात, असं मी धरून चालले. ते एकमेकांना लागूनही असू शकतात. पहिल्याच पानावर आहे."

"कधी लक्षात आलं?"

"टाकल्यावर आठवड्यात."

मला कळेना. फळ्यावरचं एक चिन्ह चुकलं तरी तास थांबवणारी ही बाई, चुकीचा पेपर वर्षभर तसाच ठेवते? "मग तेव्हाच का नाही काढलात?"

"म्हटलं, कोणीतरी कळवेल." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "इतकी ढळढळीत चूक आहे, वाचणारा गप्प बसणंच शक्य नाही. रोज सकाळी मेल बघायचे."

मी विचारलं, "एकही नाही आली?"

"आली की एक," मॅडम म्हणाल्या. "अभिनंदन केलंय."