कॉम्प्युटरची दिवाळी

स्वच्छता या शब्दाचा मला तिटकारा आहे, आणि तो मी स्वतःच ओढवून घेतलेला आहे. साल दोन हजार चार की पाच असेल. देवासच्या आमच्या घरात दिवाळीआधीची सफाई चालली होती. बायकोने माळा रिकामा केला, मी पंखे पुसले आणि उरलेल्या उत्साहात कॉम्प्युटरही साफ करायला घेतला. तो फार रखडत चालायचा. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याने एक सीडी दिली होती. "भिया, रजिस्ट्री साफ कर लो, मक्खन चलेगा," असं तो म्हणाला होता. कोणता प्रोग्राम कुठे आहे आणि तो कसा चालवायचा, याच्या नोंदी कॉम्प्युटर जिथे ठेवतो ती रजिस्ट्री, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. तेवढ्यावर मी स्वतःला जाणकार समजत होतो.

त्याच कॉम्प्युटरवर दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वर्षभराचं काम होतं. ते रविवारी इंदूरला बस बदलून धारला आत्याकडे जात आणि आमच्या घराण्याचा कुळाचार तिच्या तोंडून उतरवून आणत. नवरात्रात कोणत्या माळेला कोणता नैवेद्य, सवाष्णीला बोलावणं कोणत्या शब्दांत करायचं, ओटी भरताना म्हणायची गाणी. आत्याखेरीज हे कोणालाच येत नव्हतं. घरी आल्यावर दादा मराठी टायपिंगच्या एका जुन्या प्रोग्रामात सगळं उतरवत आणि टिपणं फाडून टाकत. एका गोष्टीच्या दोन प्रती त्यांना पसारा वाटे. छापून घ्यायचं दिवाळीनंतर ठरलं होतं.

मी सीडी घातली. पडद्यावर लाल फुल्यांची रांगच लागली. शेकडो चुका, सगळ्या म्हणे धोकादायक. इतकी घाण घेऊन आपण रोज काम करत होतो, या विचाराने मला खरोखर शिसारी आली. आज ती शिसारी आठवली की स्वतःचीच येते. काढण्यापूर्वी जुन्या नोंदींची प्रत ठेवू का, असं त्या प्रोग्रामने विचारलंही होतं. मी नाही म्हटलं. केर काढून तो पिशवीत भरून कपाटात कोण ठेवतं?

दुसऱ्या दिवशी दादा टायपिंगला बसले. प्रोग्राम उघडेना, नोंदणीचा क्रमांक मागू लागला; तो क्रमांक ज्या नोंदीत होता ती मीच केर म्हणून काढून टाकली होती. ज्याने प्रोग्राम घालून दिला होता त्याचं इंदूरचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. फाइल दुसऱ्या कशात उघडली तर नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसत. दुरुस्तीवाल्याने खोकं उघडलं, मेमरीची एक पट्टी वाढवली आणि कॉम्प्युटर लगेच धावू लागला. चार जुन्या नोंदींनी काही मशीन रखडत नसते, हेही त्याने जाता जाता सांगितलं. फाइलचं विचारलं तर म्हणाला, "पुराना माल था, जाने दो. फॉर्मेट मार दूँ?" त्याच्या तोंडातला गुटखा, ते हसणं, सगळ्याचीच मला घृणा आली. पण मीही आदल्या दिवशी तेच ठरवलं होतं ना, की जुनं आहे म्हणजे कचरा आहे.

रविवारी दादांबरोबर मीही धारला गेलो. मशीन बिघडलं, पुन्हा सांगावं लागेल, एवढंच त्यांनी आत्याला सांगितलं. मी शेजारी बसून ते खोटं निमूटपणे चालू दिलं. मला बोलता आलं असतं, पण मी चहा पीत राहिलो.

आत्या बराच वेळ आठवत होती. ओटीच्या गाण्याच्या दोन ओळी म्हणाली आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली आणि तिथेच थांबली.

"तुझ्याकडे लिहून झालं म्हणून मी रोजचं म्हणणं सोडलं रे," ती दादांना म्हणाली. "म्हटलं, आता कशाला डोक्याला शीण."

दादांनी त्या दोन ओळी वहीत लिहिल्या आणि खाली उरलेलं पान कोरं ठेवून वही मिटली.