हिराजीने निवडलेलं पुस्तक

हिराजी भोईर गेल्याचं कळलं तेव्हा मी वर्गात फळ्यावर एक गणित सोडवत होतो. सोडवत होतो म्हणजे उतरवत होतो. डाव्या हातात एका विद्यार्थ्याची वही होती. दारात हिराजीचा मामेभाऊ येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, ‘‘सर, हिराजी सकाळी गेला. गावालाच.’’ महिनाभर कावीळ होती, रजा टाकून तो घरी गेला होता, पण कावीळ काय, उतरते, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी वही टेबलावर ठेवली आणि वर्ग सोडून दिला. त्या वहीतलं गणित हिराजीनेच त्या मुलाला सोडवून दिलेलं होतं… आज सहा आठवड्यांनी लिहायला बसलो आहे, ते त्याचे गुण गाण्यासाठी नाही. ते गावातही आणि कॉलेजातही सगळ्यांना ठाऊक आहेत. माझी एक गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नाही, आणि ती सांगितल्याखेरीज त्याच्याबद्दल लिहिण्याचा मला हक्क नाही.

हिराजी शिरवण्याचा, मी सानपाड्याचा. दोन्ही गावं खाडीपलीकडची, भातशेतीची आणि मिठागरांची. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. मग वडिलांनी मला परळला काकांकडे शिकायला ठेवलं. तिथे पहिल्याच दिवशी मी ‘पानी’ म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. आमच्याकडे ण नाहीच. पानी, लोनी, कोन, सगळं ‘न’वर चालतं. मी मोरीत कोंडून घेऊन ‘पाणी, पाणी’ असं घोकत असे. वर्षभरात माझी जीभ इतकी वळली, की सुट्टीत गेलो तर आईच म्हणाली, ‘‘भटाच्या पोरावानी बोलाया लागला.’’ हिराजीने असलं काही केलं नाही. तो जसा होता तसाच बीएस्सी झाला. पुढे मी एमएस्सी करून इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर झालो आणि दोन वर्षांनी तोही तिथेच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून आला. आठवडाभर तो मामेभावाकडे कुर्ल्याला राही, शनिवारी शिरवण्याला जाई. चारचौघांत मी त्याला ‘भोईर’ म्हणे, तो मला ‘सर’ म्हणे. एकटे असलो की मी ‘दत्ता’ होतो. कॉलेजात कुणी गाव विचारलं तर ‘ठाण्याकडचा’ एवढंच मी सांगत असे, आणि हिराजीने माझं हे गुपित कधी फोडलं नाही.

रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हचे दिवस तेव्हा सरत आले होते आणि अभ्यासक्रमात ट्रान्झिस्टर नव्यानेच आला होता. तो ज्या अर्धवाहक पदार्थांपासून बनतो त्यांत ऋणकणांमुळे, म्हणजे इलेक्ट्रॉनांमुळे, वीज वाहते कशी, हे शिकवायला एक पाठ्यपुस्तक लावायचं होतं. दोन पुस्तकं विचारात होती. एक जाडजूड, हिरव्या कापडी बांधणीचं, पहिल्या पानापासून समीकरणांनी भरलेलं. दुसरं त्याच्या निम्मं. सोप्या इंग्रजीत, आकृत्या भरपूर, गणितांची उत्तरं मागे दिलेली. दोन्ही वाचून आठवड्याभरात लेखी अभिप्राय द्या, असं विभागप्रमुखांनी मला सांगितलं. बारकं पुस्तक मी दोन दिवसांत संपवलं. खरं सांगतो, वाचताना आनंद झाला; एमएस्सीला पाठ करून पार पाडलेल्या कितीतरी गोष्टी तिथे पहिल्यांदा कळल्या. मग हिरवं घेतलं. तिसऱ्या प्रकरणात अडकलो. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा तिथेच अडकलो. मग प्रस्तावना वाचली, शेवटची सूची चाळली आणि अभिप्राय लिहिला, की हिरवं पुस्तकच आपल्या कॉलेजच्या लौकिकाला शोभेल. जे मला कळलं नाही ते थोर असणार, आणि जे कळलं ते सुचवलं तर मी कुठून आलो आहे ते उघडं पडेल, असा माझा हिशेब होता. इतका बावळट हिशेब मी पुन्हा कधी केला नाही.

बैठकीला प्रमुखांनी हिराजीलाही बोलावलं, कारण मुलांशी दिवसभर गाठ त्याचीच. त्याने दोन्ही पुस्तकांतलं एकच प्रकरण मुलांना आलटूनपालटून वाचायला देऊन पाहिलं होतं. कुठल्या वाक्याशी कोण थांबलं, याच्या टिपणांचा कागद त्याच्या हातात होता. त्याने तो वाचला नाही, साधं बोलला. ‘‘सर, जाड्या पुस्तकात सगळं हाय. पन पोरगं पहिल्यांदा वाचतं तेव्हा ऋनकन कुठनं निघाला नि कुठं गेला, ते त्याला दिसाया पायजे. बारक्यात ते दिसतं.’’ प्रमुख मान डोलवू लागले. माझा अभिप्राय त्यांच्यासमोरच होता; आता ते माझ्याकडे वळून तिसऱ्या प्रकरणाबद्दल काहीतरी विचारतील, अशी मला भीती वाटली. आणि मी म्हणालो, ‘‘भोईर, आधी ऋणकण म्हणायला शिका, मग पुस्तकं निवडा.’’

सगळे हसले. प्रमुखही हसले. परळच्या वर्गात हसले होते तसंच हसले, फक्त या वेळी हसवणारा मी होतो. हिराजीही थोडा हसला, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि खाली बसला. हिरवं पुस्तक लागलं. बैठकीनंतर जिन्यात त्याने मला गाठलं. मला वाटलं रागावेल. त्याने एवढंच विचारलं, ‘‘दत्ता, तू पुरं वाचलंस ना रं ते?’’ मी म्हटलं, ‘‘हो तर.’’ क्षणभर माझ्याकडे बघून तो म्हणाला, ‘‘मग बरं.’’ त्या दिवसापासून त्याच्या तोंडून ‘ऋणकण’ हा शब्द मी ऐकला नाही. कुणाशी मराठीत बोलत असला तरी इलेक्ट्रॉन म्हणायचा.

पुढे जे व्हायचं तेच झालं. मुलं पहिल्या सहामाहीतच गळाठली. माझ्या वर्गात माना खाली घालून बसत, आणि मी फळ्याकडे तोंड करून शिकवत असे. महिन्या-दीड महिन्याने मात्र त्यांच्या वह्यांत नीट सोडवलेली गणितं दिसू लागली. हिराजीने लायब्ररीतून हिरवं पुस्तक काढलं होतं आणि स्वतः बसून ओळीनं सोडवायला घेतलं होतं. सकाळी आठला, कॉलेज भरायच्या आधी, तो प्रयोगशाळा उघडत असे. ज्याला अडलं तो येई. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कुणाला सांगितलं नाही. मी काय केलं? तपासायच्या निमित्ताने मुलांच्या वह्या मागून घेऊ लागलो आणि त्यांतूनच शिकवू लागलो… अडीच वर्षं. ‘सर हल्ली चांगलं शिकवतात,’ असं मुलं म्हणत, आणि मी ते ऐकून घेत असे. त्याला एकदा विचारावं, माफी मागावी, असं वाटायचं. पण मग तिसरं प्रकरण समजत नसल्याचं कबूल करावं लागलं असतं. तेवढी माझी छाती झाली नाही.

त्याच्या दहाव्याला शिरवण्याला गेलो. किती वर्षांनी त्या बाजूला गेलो, ते सांगायलाही लाज वाटते. वहिनींनी, हिराजीच्या बायकोने, मला ओळखलं. म्हणाल्या, ‘‘तुमचं लय नाव घ्यायचे. कालेजात आपला मानूस हाय म्हनायचे.’’ मी मान हलवली आणि पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठलो.

परवा प्रमुखांनी हिराजीचं कपाट तपासून सामानाची यादी करायला सांगितली. कुणी नसताना ते उरकावं म्हणून मी सकाळी आठच्या सुमाराला प्रयोगशाळेत गेलो. बाहेर सात-आठ मुलं उभी होती. अडीच महिने सकाळी दार बंद, तरी येत होती म्हणे. व्हरांड्यात बसून आपसांत सोडवत. मी कुलूप काढलं तसं त्यांना वाटलं, भोईर सरांच्या जागी मी आलो. सगळी आत येऊन ओळीने स्टुलांवर बसली. एकाने हिरवं पुस्तक माझ्यापुढे उघडून धरलं. मी ते गणित पाहिलं. हातात कुणाची वही नव्हती.

‘‘मला हे येत नाही,’’ मी म्हणालो.

मुलं अवघडली. पुस्तक धरलेला मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला, ‘‘पुस्तकच अवघड आहे, सर. पण भोईर सर म्हणायचे, कंटाळू नका, ज्याने निवडलंय त्याने पुरं वाचूनच निवडलंय.’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मी वाचलं नव्हतं. आणि भोईर सरांना ते माहीत होतं.’’