मी ‘थांबा’ म्हणाले होते, म्हणून रोह्याला गेले

या ब्लॉगवर पेणच्या गणपती कारखान्यांची पोस्ट तीन वर्षांपूर्वी आली होती. तिच्यात एक फोटो होता. जेवणाच्या सुट्टीत गोल करून बसलेल्या बायका आणि मध्ये रुमालावर मांडलेले माझे चोवीस दगड. तो फोटो मी आता काढून टाकलाय. का काढला ते सांगायला ही पोस्ट आहे. वाटेची, खाण्यापिण्याची माहितीही देते, पण या वेळी मी फिरायला गेले नव्हते.

आधी दगडांबद्दल. युरोपच्या उत्तरेकडे फार पूर्वी एक लिपी होती, तिची अक्षरं म्हणजे रून. एकेका अक्षराला अर्थ असतो. पिशवीतून दगड काढायचा, त्यावरचं अक्षर बघायचं आणि त्यात आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं. मी हे ऑनलाइन शिकले. नदीतले गोटे आणून त्यांवर लाल रंगाने अक्षरं काढली. माझ्या वडिलांनी गाव सोडताना आडनावही सोडलं होतं, आणि आई अनाथाश्रमात वाढलेली. कुलदैवत कोणतं, गोत्र कोणतं, असं कुणी विचारलं की मी विषय बदलायचे. दहा दिवसांचं मौन झालं, दोन गुरू झाले, एक जपमाळ झाली. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी माझ्या आधीपासून बसलेलं असायचं आणि मी पाहुणी. रून इथे कुणाचेच नव्हते, म्हणून ते मला माझे वाटले. मैत्रिणी विचारायला लागल्या, मग त्यांच्या मैत्रिणी. मी पैसे घेत नसे आणि त्याचा मला अभिमान होता.

पेणच्या त्या कारखान्यात मंगलताई भेटली होती. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते ती. तिच्याकडून माझा नंबर तिच्या धाकट्या बहिणीला, वैशालीला मिळाला. वैशाली रोह्याजवळच्या एका गावात दिलेली. वर्षातून चार-पाचदा तिचा फोन यायचा. शिलाई मशीन घेऊ का, नणंदेशी बोलू का, असे प्रश्न असायचे.

गेल्या श्रावणात एका शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. “ताई, एका ठिकाणी जायचं हाय. जाऊ का थांबू, येवढंच बघा.” मी इस्त्री करत होते. एका हाताने पिशवीतून दगड काढला. नुसती एक उभी रेघ. तिचा अर्थ बर्फ, गोठलेलं, हालचाल नाही. मी म्हणाले, “सध्या थांबा.” कुठे जायचंय ते मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. ‘आमचे मिस्टर गेले. तुमचा दगड खरा निघाला.’

मग मंगलताईकडून कळलं. संतोष, वैशालीचा नवरा, कंपनीत शिफ्ट करून सुट्टीच्या दिवशी भातखाचरात उतरायचा. ताप आला, डोळे पिवळे झाले. रोह्याच्या डॉक्टरांनी लेप्टोची, म्हणजे शेतात साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, शंका घेतली आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या, अशी चिठ्ठी दिली. तो शनिवार होता. त्यांनी त्याला सोमवारी नेलं.

मी चार महिने काहीच केलं नाही. जानेवारीत वैशालीचाच फोन आला. “एकदा येऊन जा. येताना दगड घेऊन या.” माझ्या डोळ्यांदेखत नदीत फेकायचे असतील, असं मला वाटलं. ते मला चाललं असतं.

पुण्याहून अलिबागची एसटी खोपोलीवरून पेणला जाते. साडेतीन-चार तास धरा. महिलांना अर्धं तिकीट. खिडकी मिळाली होती, पण घाटात मी काय पाहिलं ते आठवत नाही. पेणला स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली. स्वच्छ होती, गरम पाणी फक्त सकाळी. बाहेर एका गाडीवर वडापाव खाल्ला आणि कारखान्यात गेले.

जानेवारीत पेणच्या कारखान्यांत रंग फारसा दिसत नाही. साच्यातून निघालेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा आणि त्या पॉलिश पेपरने घासत बसलेल्या बायका. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. बघायला जाणार असाल तर हे दिवस चांगले. गर्दी नसते, लोक बोलतात.

मंगलताईने मला पाहून हात धुतले आणि बाहेरच्या बाकावर घेऊन आली. चहा मागवला. रागावलेली दिसली नाही, त्यामुळे मला जास्त अवघड झालं.

“कशापायी बोलावलंन तुम्हाला, ते ठाव हाय?” तिने विचारलं.

“नाही. मी माफी मागायला आलेय. तिला खरं सांगणार आहे, की त्या दगडांत काही नसतं.”

मंगलताईने कप खाली ठेवला. “ते नका सांगू.”

“अहो, पण ते खरं आहे.”

“आसंल. पण ती आज जेवते, कामाला लागते, ती कशाच्या जोरावर? वरून लिवलेलं व्हतं आणि दगडात आधीच दिसलेलं, यावर. तेवढं राहू दे तिच्यापाशी. माफी मागा, रडा, काय पण करा. पण ते नको.”

मी ‘बघते’ म्हणाले. मंगलताईला माझा ‘बघते’ कळला असावा. ती उठून कामावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोह्याची एसटी धरली. पनवेल–रोहा रेल्वेही आहे, पण गाड्या मोजक्या, वेळ बघून निघा. वडखळला अलिबागचा रस्ता उजवीकडे फुटतो, आपण सरळ महामार्गाने नागोठण्याकडे जायचं. रस्त्याचं काम चालू आहे, पाठीचा त्रास असेल तर पुढची सीट घ्या. वडखळच्या आसपास खाडीकडची मिठागरं दिसतात. शेजारच्या बाईंनी विचारलं, “रोह्यात कोन हाय तुमचं?” मी म्हणाले, मैत्रीण आहे.

रोह्याहून रिक्षाने वीस मिनिटांत गावात पोचले. भात कापून झालेल्या शेतांत वाल हिरवागार उभा होता. वैशालीचं घर कौलारू, समोर सारवलेलं अंगण. फोनवरच्या आवाजावरून मला ती मोठी वाटायची. समोर उभी होती ती तिशीतली, बारीक, घाईघाईने पदर खोचणारी बाई.

“आलाव? बसा.” तिने पाणी दिलं. सासूबाई आत चुलीपाशी होत्या, नुसती मान हलवली त्यांनी. वैशाली माझ्यासमोर खाली बसली आणि आवाज बारीक करून म्हणाली, “दगड आनलेत?”

मी पिशवी काढली. तिने ती हातात घेतली नाही, नुसती बघत राहिली.

“एकच इचारायचं हाय. ते आता जिथं हायत, तिथं बरे हायत का. शेवटाला लई तळमळले. येवढं बघा, परत कदी त्रास देनार नाय.”

मी माझं भाषण पाठ करून आले होते, त्यात हा प्रश्न नव्हता. पिशवीत हात घालून कुठलाही दगड काढला असता आणि ‘बरे आहेत’ म्हणाले असते, तर ती उठून कामाला लागली असती. ही पोस्ट लिहिताना मला अजून वाटतं, तसं करायला हवं होतं का. पण तिथे बसल्यावर मला एकच दिसत होतं, की मी पुन्हा तेच करणार आहे.

“वैशाली, या दगडांना काही कळत नाही,” मी म्हणाले. “त्या दिवशी मी पिशवीत हात घातला, हाताला आला तो काढला. तुम्हाला कुठे जायचंय हेसुद्धा विचारलं नाही. माझी चूक झाली. मला माफ करा.”

“काईच कळत नाय?” ती म्हणाली.

“नाही.”

“मग मी कशापायी थांबले?”

मी पिशवी बाजूला ठेवली.

“दीर गाडी घेऊन दारात व्हता,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “हे सोता म्हनत व्हते, जाऊया. मी म्हणले, उद्या रविवार, सोमवारी जाऊ. दगडाचं कोनाला सांगितलं नाय, नुसतं म्हणले, सोमवारी. इतके दिस वाटायचं, नेलं असतं तरी जानारच व्हते, दगडात आलेलं. आता तुमी म्हनता, तसं कायच नव्हतं. म्हंजे मीच की.”

“तसं नाही. डॉक्टरसुद्धा सांगू शकणार नाहीत की—”

“हे सांगायला येवढ्या लांब आलाव?”

ती उठली, कोपऱ्यातली टोपली घेतली आणि मागच्या दाराने वालाच्या शेताकडे गेली. मी ओसरीवर तशीच बसले. आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला होता. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दारापाशी आल्या. आता मला हाकलतील, असं वाटलं.

“त्या शनिवारी आवस व्हती,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. “आवसेला आजारी मानूस घराबाहेर काढू नये, असं माजी आय म्हनायची. माजा धाकटा गाडी घेऊन आला, तवा मी पन म्हनले व्हते, सोमवारी जाऊ. ही म्हनली म्हनून नाय. मीच आदी म्हनले व्हते, पोराच्या कानात. माजं पोर माजं ऐकायचं.”

“वैशालीला माहीत आहे?”

“नाय. कोनाला म्हाईत नाय.”

त्यांनी चूल विझवली, पायात चपला घातल्या आणि मागच्या दाराने गेल्या. दोन्ही दारं उघडी होती, ओसरीवरून मागचं शेत दिसत होतं. त्या वैशालीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. काहीतरी बोलल्या असाव्यात, कारण वैशालीने टोपली खाली ठेवली. मग ती ओरडली. शब्द कळले नाहीत, पण तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता. सासूबाई मान खाली घालून उभ्या होत्या. थोड्या वेळाने वैशाली खाली बसली, मग त्याही बसल्या. मध्ये हातभर अंतर होतं. मी अर्धा तास वाट पाहिली. कुणी परत आलं नाही, तेव्हा पिशवी उचलून रस्त्याला लागले.

परतताना कोलाडला उतरले. महामार्गावरच्या एका खाणावळीत तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भात मिळाला. चव उत्तम, ताट पोटभर. मला भूक लागली होती आणि मी सगळं संपवलं, हे लिहायला लाज वाटते. तिथून पेण आणि पेणहून पुणे, गाड्या मिळत गेल्या.

घरी आल्यावर मी वही काढली. ज्यांना ज्यांना काही सांगितलं होतं त्या सगळ्यांना एकेक करून लिहिलं, की माझं ऐकून काही केलं असेल, किंवा करायचं राहिलं असेल, तर मला सांगा. बहुतेकींनी हसणारा चेहरा पाठवला. दोघींनी काहीच उत्तर दिलं नाही. त्या दोघींचा विचार मनातून जात नाही. दगड अजून घरात आहेत. टाकून दिले असते तर मला बरं वाटलं असतं, म्हणून टाकले नाहीत. आपलं म्हणावं असं काही शोधताना मी एका परक्या बाईच्या घरात इतकी आत शिरले, आणि तिचा नवरा आजारी आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं. हे कुठल्या देवापुढे ठेवायचं ते मला कळत नाही.

पंधरा दिवसांनी मंगलताईचा फोन आला. ‘सांगू नका म्हणले होते’ असं ती म्हणाली नाही. सांगत होती, आठवडाभर त्या घरात कुणी धड जेवलं नाही. सासूने अमावास्येचं सगळं वैशालीच्या दिराला स्वतः सांगितलं, त्याने आईशी बोलणं टाकलंय. वैशाली माहेरी येते म्हणाली होती, कपडेही भरले होते.

“मग आली?”

“नाय. म्हातारीला एकटं कसं टाकू, म्हनली. दोघी एकाच खोलीत निजतात आता. बोलतात का नाय, ते मला ठाव नाय.”

मी विचारलं, “मी एकदा येऊन जाऊ का?”

मंगलताईच्या मागे पॉलिश पेपर घासल्याचा आवाज येत होता.

“नको,” ती म्हणाली. “तुमचं नाव निघत नाय त्या घरात. तसंच राहू दे.”